अर्ध्या मिलिमीटरचा चैत्र

आज सकाळी गल्लीच्या तोंडाशी गव्हाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आणि माझं समोरच्या पोह्यांवरून लक्ष उडालं. सीहोरकडून शरबती गहू घेऊन येणारे हे लोक दरवर्षी याच सुमाराला अयोध्या नगरात शिरतात. ट्रॉलीत पोत्यांची रास, राशीवर बसलेला एक माणूस आणि त्याची ती लांब ओढलेली हाक. हाकेमागोमाग भुशाची बारीक धूळ घरात येते, नाकात बसते आणि मला शिंका सुरू होतात. शेजारणी हरखून जातात. वर्षाचा गहू भरायचा म्हणजे त्यांना सणच वाटतो. मला मात्र या दिवसांत एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, बसते, पुन्हा उठते. बाबा म्हणतात, "काय करून राहिली तू? नुसती भिंगरीसारखी फिरून राहिली घरात." मी म्हणते, "काही नाही." माझं हे 'काही नाही' सात वर्षांपूर्वीच्या चैत्रापासून चालू आहे.

यंदा तर त्यात भर पडली आहे. माझ्या टेबलावर प्लॅस्टिकचे दोन डबे ठेवले आहेत. एकात चांगले नमुने, दुसऱ्यात नापास. येत्या शुक्रवारी नमुने पुण्याला पाठवायचे आहेत, आणि कोणते पाठवायचे हे मला ठरवायचं आहे. सात वर्षांपूर्वीही हेच ठरवायचं होतं. तेव्हा मी काय केलं ते एक माणूस सोडून सगळ्यांना सांगून झालं आहे. तो एक माणूस या क्षणी गच्चीवर ताडपत्री अंथरतो आहे.

मी कनेक्टर बनवते. असं सांगितलं की पाहुणे विचारतात, "म्हणजे प्लग?" मी "हो, तसंच" म्हणून चहा ओतते. पण तसंच नसतं ते. हल्लीच्या यंत्रांत दोन सर्किट बोर्ड एकमेकांवर चिकटून झोपवलेले असतात आणि त्यांचं आपापसांत बोलणं चालू राहावं लागतं. त्यासाठी खालच्या बोर्डावर जोडाचा एक अर्धा, वरच्या बोर्डावर दुसरा अर्धा. दाबला की टक् असा आवाज येतो आणि ते जोडले जातात. आता गंमत अशी की हवेत सगळेच बडबडत असतात. मोबाईल, कूलरची मोटर, ट्यूबलाइट. ती बडबड बोर्डांच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून जोडाभोवती पातळ पत्र्याचं कुंपण घालायचं, त्याला शील्ड म्हणतात. खालचं कुंपण आणि वरचं कुंपण एकमेकांना घट्ट टेकलं पाहिजे, नाहीतर ते असून नसल्यासारखं. म्हणून पत्र्यातच बारीक जिभा कापतात. त्या स्प्रिंगसारख्या समोरच्या पत्र्यावर दाबून बसतात. माझी सगळी तगमग या जिभांची.

त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने आमच्याकडे विचारणा केली होती. नवजात बाळाच्या छातीवर बांधायचा पट्टा ते बनवत होते, आतली यंत्रणा बाळाचे ठोके मोजणार. पट्टा जाड झाला तर बाळाला रुतणार, म्हणून कनेक्टर पातळ हवा. बाजारात मिळणारा दीड मिलिमीटर उंचीचा होता, त्यांना एकच मिलिमीटर हवा होता. अर्धा मिलिमीटर कमी. म्हणजे साधारण आपल्या नखाची जाडी. तेवढ्यासाठी मी तो अख्खा उन्हाळा जाळला.

खरं सांगायचं तर पणाला लागलं होतं ते वेगळंच. आई गेल्यावर मी बंगळुरूची नोकरी सोडून भोपाळला आले. बाबांनी बोलावलं नव्हतं. ते बोलावणाऱ्यातले नव्हेत. गोविंदपुऱ्यात तिवारीजींचा छोटा कारखाना होता, विजेच्या मीटरचे पितळी टर्मिनल काढायचा. मी त्यांच्या गळी उतरवलं की आपण कनेक्टर करू. बंगळुरूच्या मैत्रिणी तोंडावर काही बोलल्या नाहीत, पण "भोपाळला? कनेक्टर?" यातल्या दोन प्रश्नचिन्हांत सगळं आलं. तिवारीजी सरळ माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "देखिए मैडम, ये सैंपल पास हो गया तो कनेक्टर का काम चालू। नहीं हुआ तो अपन टर्मिनल वाले ही ठीक हैं।" टर्मिनलला डिझाईन करणारी बाई लागत नाही. नमुना नापास झाला असता तर मला परत बंगळुरूला जावं लागलं असतं, आणि बाबा या घरात एकटे राहिले असते, एका कुकरात एका माणसाचा वरणभात लावत. हे चित्र मला जेवताना दिसायचं, गाडी चालवताना दिसायचं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

बाबांची सगळी हयात इथल्या मोठ्या कारखान्यात गेली. नागपूरहून आले ते इथलेच झाले. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे विभागात, तांब्याची एक पट्टी उचलायला दोन माणसं लागायची. भोंगा झाला की आमच्या क्वार्टरांची सगळी लाइन घड्याळं लावायची. अशा माणसाच्या तळहातावर मी पहिला नमुना ठेवला तेव्हा त्यांनी श्वास रोखला. "बापा! शिंकलो तर उडूनच जाईल न हे." मग पेपर वाचायचं भिंग आणलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काम साफ आहे." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पातळपणाचं हे वेड कुठून आलं कोण जाणे. फोन पातळ हवा, घड्याळ पातळ हवं, फुलके पातळ हवेत, बायकाही पातळ हव्यात. पण जाडी काढून टाकली की तिच्याबरोबर काय काय जातं याची कुणाला कल्पना नसते. कुंपणाची उंची कमी केली तशी माझी जीभ आखूड झाली. आखूड जीभ लवचीक राहत नाही, ताठ होते. दोन-चारदा जोड काढला-लावला की ती मान टाकते, मधे फट पडते, आणि फटीतून सगळी बडबड आत. बाळाच्या ठोक्यांत कूलरची मोटर मिसळणार. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी तेच ड्रॉइंग पुढे ढकललं, कारण मुदत संपत आली होती आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

आमचे डाय, म्हणजे पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, बनवायचे रफीकभाई. बोटाचं नख पत्र्याच्या कडेवरून फिरवून ते कड बोथट आहे की धारदार ते सांगत. मापाचा कॅलिपर नंतर लावायचे, तोही माझ्या समाधानासाठी. ते सुरुवातीपासून कुरकुरत होते. "मैडम, पतरा बहुत पतला हो रिया है। मोड़ो तो थोड़ा वापस आ जाता है। कोई ज़ुबान इधर, कोई उधर।" मी म्हणाले, "देखते हैं।" देखते हैं हा भोपाळात कुठल्याही गोष्टीचा शेवट असतो.

तरी डाय चढला, प्रेस चालली आणि दोनशे नग निघाले. मग आला तो निवडीचा दिवस. भर दुपार, बाहेर लूच्या झळा, पत्र्याचं छप्पर तडतडत होतं, आणि मी पंखा बंद करून बसले होते, कारण पंख्याच्या वाऱ्याने नग उडतात. मायक्रोस्कोपखाली एकेक घ्यायचा, जिभा पुरेशा बाहेर आहेत का पाहायचं, चिमट्याने डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचा. घाम हनुवटीवरून ट्रेमध्ये पडू नये म्हणून गळ्याला ओला नॅपकिन बांधला होता. चार तासांनी उजवीकडे तीस होते आणि डावीकडे एकशेसत्तर. पुण्याने नमुने मागितले होते नेमके तीस.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. पण शीत आपणच निवडून दिलं तर? तेव्हा मी स्वतःला समजावलं की सगळेच असं करतात. आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या भागात कुठल्याही कारखान्यातून नमुना निवडूनच जातो, पोत्याच्या तोंडाशी चांगला गहू ठेवावा तसा. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एकदा हातात काम आलं की सुधारत नेऊ, असाच हिशोब असतो. मी तीस नग स्पंजच्या खाचांत बसवले. रफीकभाईंनी उरलेले एका डब्यात भरले आणि विचारलं, "इस पे क्या लिखूं?"

"कुछ मत लिखिए," मी म्हणाले.

ते कोरा डबा कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवून हात धुवायला गेले.

तीन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. तीसच्या तीस पास. तिवारीजींनी जिलेबी मागवली, स्वतःच्या हाताने रफीकभाईंच्या तोंडात घातली. मी स्कूटर इतकी जोरात हाणली की अशोका गार्डनच्या फाटकाशी एका भाजीवाल्याने मला यथेच्छ शिव्या दिल्या, त्याही गोड लागल्या. घरी आले तेव्हा बाबा गच्चीवर गहू निवडत होते. आई असताना हे काम दोघं करायचे. आता एकटेच, डोक्याला पंचा, मांडीशी चाळणी. सावरीचा कापूस उडून गव्हावर येऊन बसत होता आणि ते तो एकेक उचलून फेकत होते.

"बाबा, पास! तीसपैकी तीस!"

"वा रे वा!" ते उठूनच उभे राहिले. चेहरा असा फुलला की आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. मग पुन्हा बसता बसता, सहज, कारखान्यातल्या सवयीने त्यांनी विचारलं, "बनवले किती होते?"

"तीसच," मी म्हणाले.

एवढंच. एक शब्द. विचार करायला वेळही घेतला नाही. बाबा म्हणाले, "छान," आणि चाळणी हलवू लागले.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते तेव्हापासून मला कळलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला बातमी पोचली होती. दूधवाल्याला, समोरच्या शर्माआंटींना, त्यांच्याकडे आलेल्या व्याह्यांना. "तीस में तीस, भाईसाब!" मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत होते. कामावर गेले की नजर आपोआप कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे जायची. रफीकभाई माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, पण मला वाटायचं पूर्वीसारखं बोलण्याचा प्रयत्न करताहेत. कशातच चित्त लागेना. डाळ दोनदा करपली.

त्याच आठवड्यात बाबांचे डोळे दाखवायला साकेत नगरच्या इस्पितळात जावं लागलं. बाबा आत तपासणीला गेले आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी खेड्यातून आलेली एक बाई होती, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं बाळ. फार तर आठवड्याचं असेल. झोपेत त्याची छाती लक्कन वर व्हायची आणि मग जरा थांबल्यासारखी व्हायची. तेवढ्यात माझाही श्वास थांबायचा. त्या बाईने माझ्याकडे पाहून विचारलं, "आपके कितने हैं?" मुलं किती, असं विचारत होती ती. मला मात्र एकशेसत्तर आठवले. मी उठून बाहेर गेले आणि उसाच्या रसाच्या गाडीशेजारी उभं राहून पुण्याला फोन लावला.

तिथले जोशी म्हणून इंजिनिअर होते, त्यांना मी सगळं सांगितलं. दोनशे, तीस, एकशेसत्तर. घाणा घरघरत होता म्हणून काही वाक्यं दोनदा ओरडून सांगावी लागली, म्हणजे रसवाल्यालाही सगळं कळलं.

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं," जोशी म्हणाले. त्यांचं ते नीटस पुणेरी मराठी त्या दिवशी सुरीसारखं लागलं. "आत्ता का सांगताय?"

"झोप लागत नाही म्हणून," मी म्हणाले.

त्यांनी दोन महिने दिले. वर म्हणाले, "आणि या वेळी निवडू नका. डब्यात हात घालून येतील ते पाठवा." तिवारीजी माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. रफीकभाईंनी मात्र तो डबा बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवला, खिशातून स्केच पेन काढलं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फेल, १७०'. मग म्हणाले, "चलिए, अब काम शुरू करते हैं।"

पुढचे सगळे दिवस जिभेमागे गेले. अकरा ड्रॉइंगं फुकट गेली. कूलरच्या खस-वाळ्याचा ओला वास, टेबलावरची धूळ, कोपरापाशी चिकटणारा कागद. एक दिवस बाबा आईची जुनी लोखंडी खाट जिन्याखालच्या बुटक्या खोलीत घालत होते आणि मी उभ्या खाटेला खालून ढकलत होते. "उभी नाही मावत तर आडवी घाल न! कायले जोर लावून राहिली?" बाबा ओरडले. मी खाट तिथंच सोडून कागद शोधायला पळाले आणि बाबा तिच्याखाली अडकून आणखी ओरडले. जीभ उभी कापायचीच कशाला? कुंपणाच्या लांबीला धरून आडवी कापली की उंची कितीही कमी असो, जीभ हवी तेवढी लांब करता येते. लांब जीभ लवचीक राहते. आता हे फार सोपं वाटतं. त्या वेळी मी स्टुलावर बसून हसत सुटले होते.

आडव्या जिभेचे नग पावसाळ्याच्या मध्यावर पास झाले. न निवडता. काम उशिरा मिळालं, आधी ठरलं होतं त्याहून कमी मिळालं, पण मिळालं. मी भोपाळात राहिले. तिवारीजी आता आल्यागेल्याला कनेक्टर दाखवतात, टर्मिनल दाखवत नाहीत.

म्हणजे सगळं मार्गी लागलं. फक्त बाबांना सांगायचं राहिलं. का राहिलं? खूपदा विचार केला आहे. पुण्याला सांगितलं ते कामाचं होतं, त्याला एक उपाय होता. बाबांशी बोललेल्या त्या एका शब्दाला काय उपाय? आधी वाटलं, नवे नग पास झाले की सांगू. ते झाल्यावर वाटलं, आता कशाला आनंदात मिठाचा खडा. मग बाबांची ती गोष्ट इतकी पसरली की मागे घेणं त्यांचा अपमान झाला असता. दरवर्षी ट्रॅक्टर येतो, बाबा पोत्याच्या तळापर्यंत हात घालून मूठभर गहू काढतात, भावाची घासाघीस करतात आणि मग न चुकता मला हाक मारून त्या ट्रॉलीवाल्याला सांगतात, "ये हमारी बेटी। इसके तीस में तीस पास हुए थे।" ट्रॉलीवाला बिचारा "अच्छा, अच्छा" करतो. मी कसनुसं हसते. वर्षभर लपून बसलेली तगमग त्या वाक्यासरशी वर येते आणि पुढचा महिनाभर मी घरात भिंगरी होते.

यंदा पुण्याला त्याच पट्ट्यासाठी आणखी पातळ कनेक्टर हवा आहे. मिलिमीटरहूनही कमी. तीनशे नग काढले, सगळे तपासले. एकशेचाळीस नापास. पाठवायचे फक्त साठ आहेत. परवा दुपारी मी पंखा बंद करून बसले, चिमटा हातात घेतला आणि चांगल्यांच्याच डब्यातून एकेक वेचू लागले. अकरा चांगले नग स्पंजच्या खाचांत बसवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करते आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. हातच करत होते. मला स्वतःची भीतीच वाटली. दोन्ही डबे उचलून घरी घेऊन आले, पण घरी आणून काय करणार होते तेही माहीत नव्हतं.

आणि आज सकाळी ट्रॅक्टर आला. बाबा आता ऐंशीला टेकलेत, जिना थांबत थांबत चढतात, पण पोत्याच्या तळात हात घातलाच. मला हाक मारली. सांगितलं. ट्रॉलीवाला नवा होता, त्याने विचारलं, "किस चीज में, अंकल?" बाबा हसले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

पोती वर गेल्यावर मी त्यांच्यामागून गच्चीवर गेले. ऊन अजून कोवळं होतं. ते ताडपत्रीची कोपरं विटांनी दाबत होते.

"बाबा, ते तीस नव्हते," मी म्हणाले. "दोनशे बनवले होते. एकशेसत्तर वाईट निघाले. मी तुमच्याशी खोटं बोलले."

त्यांनी चौथी वीट ठेवली, पायाने दाबून पाहिली. "माहीत आहे मले."

"कुणी सांगितलं? रफीकभाईंनी?"

"कोणी कायले सांगेल? डाय चढवून प्रेसवर तीस नग कोण काढते, बेटा? अर्धा दिवस तर नुसतं बसवण्यातच जातो. तू बोलली, तेव्हाच समजलं होतं."

मला आधी राग आला. चक्क संताप. सात वर्षं! "मग लोकांना कशाला सांगत फिरलात?"

"तुझ्या समोरच सांगत होतो न," बाबा म्हणाले. "वाट पाहत होतो, तू कधी टोकते ते."

गव्हाच्या पोत्याला टेकून मी रडले. चाळिशीची बाई, भर सकाळी, शर्माआंटींच्या गच्चीवरून सगळं दिसत असताना. बाबांनी रडू दिलं. ते पोत्याची शिवण उसवत बसले. दोरा एकसंध निघाला तेव्हा त्यांनी तो नीट गुंडाळून खिशात घातला आणि विचारलं, "यंदा किती बनवले?"

"तीनशे."

"नापास?"

"एकशेचाळीस."

बाबांनी ताडपत्रीवर हात फिरवून थोडी जागा केली. "चांगले राहू दे तिथंच. नापासांचा डबा घेऊन ये, कायले बिघडले ते पाहू. अन् माझा चष्मा आण."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली धावले.